डिकीचे रबर आणि ते चिकटवण्याआधीचे काम

कोल्हापुरात जुनी गाडी सांभाळणाऱ्याने इंजिनापेक्षा पत्र्याची चिंता अधिक करावी, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. इंजिनासाठी उद्यमनगरची औद्योगिक वसाहत आहे. तेथे बुश, शाफ्ट, पुली, जे हवे ते लेथवर करून मिळते आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या भागाचा नमुना समोर ठेवला तरी कोणी आश्चर्य करत नाही. पत्र्याचे तसे नसते. डिकीचा तळ आतून गंजत गेला की तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि त्यानंतर कापणे, जोडणे, वेल्डिंग, लांबी म्हणजे पुट्टी भरणे, रंग असे लांबलचक प्रकरण सुरू होते. ज्या गावात दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार बाहेर येते आणि लोक लेकराबाळांना खांद्यावर घेऊन ती पाहतात, त्या गावात जुनी मोटार चालती ठेवण्याची हौस कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. डिकीच्या रबरासारख्या गोष्टीकडे मात्र हौशी माणसांचेही दुर्लक्ष होते, म्हणून माझ्या प्रीमियर पद्मिनीचे रबर बदलताना काय काय करावे लागले ते सविस्तर लिहीत आहे.

ही गाडी म्हणजे मूळची इटालियन फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती भारतात बनवली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर किंचित उचललेले पंख आणि त्यांच्या टोकाशी उभे दिवे, ही तिची ओळख. माझी गाडी सत्तरच्या दशकाच्या अखेरीची आहे. तिच्या डिकीच्या तोंडाभोवती पत्र्याची पन्हळ फिरते, आणि झाकण मिटल्यावर ते ज्या कडेवर टेकते तेथे स्पंजचे रबर सोल्युशनने चिकटवलेले होते. काही गाड्यांमध्ये लोखंडी गाभ्याचे रबर पत्र्याच्या उभ्या कडेवर दाबून चढवतात आणि त्याला चिकटवण्याची गरज नसते. ते काम सोपे आहे आणि त्याविषयी येथे काही सांगत नाही. चिकटवायच्या रबरालाच अडचणी फार आहेत.

या रबराकडून तीन कामांची अपेक्षा असते. पाणी अडवणे हे सर्वांना ठाऊक आहे. धूळ अडवणे हे दुसरे. राधानगरीकडच्या तांबड्या मातीच्या रस्त्याने जाऊन आले की डिकीत कोठे फट आहे ते पावसाची वाट न पाहता कळते, कारण तांबडी पूड फटीपासून आत पंख्यासारखी पसरलेली दिसते. तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे असून त्याचा विचार क्वचितच होतो. गाडी धावत असताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर तेथेच घुटमळतो. डिकीचे रबर फाटके असेल आणि खिडक्या थोड्या उघड्या असतील, तर तो धूर डिकीतून मागच्या सीटच्या फटींवाटे आत ओढला जातो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लांबच्या प्रवासात मागे बसलेल्यांचे डोके दुखते ते प्रत्येक वेळी उन्हानेच दुखते असे नाही. घाटात चढताना मागे बसलेल्या आईला धुराचा वास येऊ लागला, तेव्हा हे काम पुढच्या पावसाळ्यापर्यंत ढकलायचे नाही असे मी ठरवले.

डिकीत पाणी येते याचा अर्थ ते रबराखालूनच येते, असे धरून चालणे योग्य नाही. जुन्या गाडीत मागच्या काचेचे रबर, दिव्यांच्या पाठीमागचे गॅस्केट, पत्र्यांच्या सांध्यांतील सुकून तडकलेले सीलंट, तसेच झाकणावर स्क्रूने बसवलेल्या प्रत्येक वस्तूखालचे भोक, या सर्व वाटा असतात. म्हणून प्रथम डिकी पूर्ण रिकामी केली, स्टेपनी आणि तळाचे मॅट काढले आणि आतील सर्व सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवली. नंतर बागेच्या नळीने, जोराची धार न सोडता, आधी खालच्या बाजूला, मग दोन्ही कडांना, मग बिजागऱ्यांकडे आणि शेवटी काचेवर असे पाणी सोडले. खालून वर जाण्याला कारण आहे. वरून सुरुवात केली तर पाणी सर्वत्र ओघळते आणि ते कोठून शिरले हे कळेनासे होते. प्रत्येक टप्प्यानंतर झाकण उघडून पावडरीवर ओघळाची रेघ उमटली आहे का ते पाहिले. उजव्या दिव्यामागून एक बारीक रेघ आली होती. तिचा रबराशी संबंध नव्हता आणि ते गॅस्केट स्वतंत्रपणे बदलले. बाकीचे पाणी डाव्या खालच्या कोपऱ्यातून आणि बिजागऱ्यांच्या बाजूने येत होते.

रात्री अंधारात आणखी एक तपासणी केली. डिकीत पेटलेली बॅटरी ठेवून झाकण लावले आणि बाहेरून सर्व कडा न्याहाळल्या. जेथे उजेडाची रेघ दिसली तेथे रबर झाकणाला टेकतच नव्हते. ही तपासणी करताना माणूस आत बसवू नये; लहान मुलाला तर गंमत म्हणूनही नाही. आतून या डिकीचे लॉक उघडत नाही.

जुने रबर काढताना घाई केली नाही. त्याचा वरचा थर दगडासारखा घट्ट आणि खालचा चिकट झालेला होता. हेअर ड्रायरने हातभर लांबी गरम करायची, प्लॅस्टिकच्या पट्टीने कड उचलायची आणि रबर संथपणे स्वतःवरच मागे दुमडत ओढायचे, अशा रीतीने बहुतेक निघाले. स्क्रू ड्रायव्हर किंवा पोलादी पट्टी वापरली तर रंगावर ओरखडा उठतो आणि पुढच्या गंजाची सुरुवात तेथेच होते. त्यातील एक चांगला, न दबलेला तुकडा नमुना म्हणून जपून ठेवला.

पत्र्यावर राहिलेले जुने सोल्युशन काढणे हेच त्या दिवसाचे मोठे काम ठरले. रॉकेलने ते मऊ होते, पण रॉकेल मागे तेलकट थर सोडते आणि त्या थरावर नवे सोल्युशन धरत नाही. थिनर तत्काळ काम करतो. मात्र गाडीला जुन्या पद्धतीचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला ड्युको म्हणतात तो असेल, तर थिनर सोल्युशनाबरोबर रंगही विरघळवून टाकतो. माझ्या गाडीच्या बाहेरील भागावर नंतर कधीतरी पीयू (पॉलियुरेथेन) रंग झालेला आहे, पण पन्हळीत जुनाच रंग होता हे कापडावर उतरलेल्या निळसर डागाने दाखवून दिले. त्यामुळे जेथे रंग राखायचा होता तेथे टर्पेंटाइन वापरले आणि शेवटी संपूर्ण कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने, प्रत्येक वेळी कापडाची नवी घडी घेऊन, कापड स्वच्छ निघेपर्यंत पुसली.

रबराखालचा गंज अपेक्षेपेक्षा जास्त होता. डाव्या कोपऱ्यात रंगाचे फोड होते आणि नखाने दाबताच ते फुटले. जेथे पत्रा शाबूत होता तेथे ८० नंबरच्या आणि नंतर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने चमकता पत्रा लागेपर्यंत घासले. बारीक खड्ड्यांतील गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे गंजरोधक लावून धुतले, वाळवले, त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि मग रंग दिला. भोक एकही पडलेले नव्हते, हे नशीब. रंगकाम करणाऱ्या मिस्त्रींनी दुसऱ्याच दिवशी रबर चिकटवायला हरकत नाही असे सांगितले होते, पण ते मी मानले नाही. रंग वरून कोरडा वाटला तरी आत मऊ असतो, आणि सोल्युशनातील द्रावक त्याला सुरकुत्या पाडतो. गाडी तशीच आठवड्याहून अधिक काळ छपराखाली उभी ठेवली. या टप्प्यावर थांबायला सांगणारा माणूस कोणालाच आवडत नाही, परंतु रबर शेवटी रंगालाच चिकटते आणि रंगच पत्र्यावरून सुटला तर उत्तम सोल्युशनाचाही उपयोग होत नाही.

आता रबराच्या निवडीविषयी. दुकानात गेल्यावर ‘फियाटचे डिकी रबर द्या’ असे म्हटले की एक गुंडाळी पुढे येते आणि ती बहुधा बसेल असे सांगितले जाते. ‘बहुधा’वर काम सोडण्यात धोका आहे, कारण चार दशके डेंटिंग-पेंटिंग झालेल्या दोन पद्मिनींच्या डिकीची फट सारखी राहिलेली नसते. फट मोजण्यासाठी मी मुलांच्या खेळातील रंगीत मातीचा उपयोग केला. मातीचे अंगठ्याएवढे गोळे पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रबराच्या जागेवर ठेवले: दोन्ही बिजागऱ्यांपाशी, दोन्ही कडांच्या मध्यावर, चारी कोपऱ्यांत आणि लॉकच्या दोन्ही बाजूंना. झाकण नेहमीसारखे लावले, उघडले, आणि दबलेल्या गोळ्याची जाडी व्हर्निअरने मोजली. बिजागऱ्यांपाशी ७ मिलिमीटर, लॉकजवळ १०, आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात तब्बल १३ अशी मापे आली. एवढा फरक असताना कोणतेही एक रबर सर्वत्र सारखे दबणार नाही. जेथे फट कमी तेथे ते चिरडले जाईल, जेथे जास्त तेथे टेकणारही नाही.

म्हणून रबर विकत घेण्याआधी झाकणाकडे वळलो. बिजागऱ्यांचे बोल्ट ज्या भोकांत बसतात ती थोडी लांबट असतात आणि बोल्ट ढिले करून झाकण सरकवता येते. एकाने झाकण धरायचे आणि दुसऱ्याने बोल्ट आवळायचे, असे हे दोघांचे काम आहे. शेजारचे निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सारे गुरुजी म्हणतो, ते मदतीला आले. झाकण डावीकडे किंचित पिळलेले होते. ते सरळ करण्यासाठी एका बिजागरीखाली पातळ वॉशर द्यावा लागला. पुन्हा मातीचे गोळे, पुन्हा मोजमाप, आणि अखेर सर्व ठिकाणी ९ ते १० मिलिमीटरच्या दरम्यान माप आले. स्पंजचे रबर बंद झाकणाखाली सुमारे एक तृतीयांश दबावे, हा चांगला अंदाज आहे. त्या हिशेबाने १४ मिलिमीटर उंचीचे, इंग्रजी डी अक्षराच्या छेदाचे रबर मला हवे होते. पुष्कळजण ‘जाड तेवढे चांगले’ म्हणून १८ किंवा २० मिलिमीटरचे घेतात. मग झाकण आपटून लावावे लागते, लॉक खाली ओढत राहते आणि रबर वर ढकलत राहते, आणि या ओढाताणीत झाकणाचे कोपरे हळूहळू उचलले जाऊन तेथूनच पाणी येऊ लागते.

उद्यमनगरातील एका रबराच्या दुकानात नमुना दाखवून ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचा स्पंज घेतला. नैसर्गिक रबर लवचिक असले तरी हवेतील ओझोनने आणि उन्हाने त्याला भेगा पडतात. ईपीडीएम या दोन्हींना चांगले तोंड देते आणि म्हणूनच आजच्या गाड्यांची बहुतेक सील त्याची असतात. स्पंज घेताना त्याची छिद्रे बंद आहेत ना, हे पाहावे. तुकडा पाण्यात बुडवून पिळला आणि पाणी निघाले तर तो स्पंज पाणी शोषणारा आहे आणि पत्र्याजवळ ओल धरून ठेवील. पोकळ नळीसारखे रबर मिळत असेल तर तेही चालते, पण त्याला ठरावीक अंतरावर बारीक भोके हवीत. नाहीतर आत कोंडलेली हवा झाकणाला मिटू देत नाही. दुकानदार लांबी मोजून कापून देतात. मी तोंडाच्या परिघाहून हातभर जास्त घेतले आणि ते जास्तीचे रबर पुढे फार उपयोगी पडले.

रबर गुंडाळीतून आलेले असते आणि गुंडाळताना ओढलेले असते. ते घरी आणताच चिकटवले तर काही आठवड्यांत ते आपल्या मूळ लांबीकडे आखडते. आखडताना ते सर्वांत आधी कोपऱ्यांतून सुटते, कारण तेथे आतल्या बाजूला ओढण्याची जागा असते. डिकीच्या रबराच्या दहातील नऊ तक्रारी या एकाच कारणाने होतात असे मला पाहणीवरून वाटते. उपाय सोपा आहे: रबर सरळ जमिनीवर, ऊन लागेल असे, मोकळे पसरून ठेवायचे. नंतर सोल्युशन न लावता, फक्त मास्किंग टेपच्या तुकड्यांनी, ते संपूर्ण तोंडाभोवती बसवून पाहायचे आणि रात्रभर तसेच सोडायचे.

ही कोरडी बसवणी मी ज्यांच्या देखरेखीखाली केली ते मिस्त्री आयुष्यभर जुन्या गाड्यांची गादीकामे आणि बीडिंग करत आले आहेत. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मी कोपऱ्यात रबर नीट दिसावे म्हणून किंचित ओढून बसवत होतो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. “ओढू नगासा,” ते म्हणाले, “उलट ढकला. कोपऱ्यात रबर जरा जास्तच जाऊ दे. आत्ता ते फुगल्यागत दिसतंय, पण उद्या ते आपली जागा आपणच धरतंय.” त्याप्रमाणे प्रत्येक कोपऱ्यात रबर मागून पुढे ढकलत, वळणाच्या आतल्या बाजूला पडणाऱ्या बारीक सुरकुत्या अंगठ्याने सारख्या वाटून घेत बसवले. वळण फारच आखूड असेल तर रबराच्या तळाला आतून छोटे त्रिकोणी काप देतात. माझ्या गाडीत त्याची गरज पडली नाही, आणि पडली नाही ते बरेच झाले, कारण प्रत्येक काप ही पाण्याला दिलेली संधी असते. सकाळी पाहिले तर दोन ठिकाणी टेपजवळ रबर मागे सरकलेले होते. म्हणजे त्यात अजून ताण शिल्लक होता. ते पुन्हा मोकळे केले, बसवले, आणि रबर जागचे हलत नाही अशी खात्री झाल्यावरच पेन्सिलीने पत्र्यावर त्याच्या दोन्ही कडांच्या रेघा आखल्या.

सोल्युशन कोणते वापरावे याविषयी प्रत्येक गॅरेजचे वेगळे मत असते. पांढरा फेविकॉल लाकडासाठी आहे आणि पाण्याने मऊ पडतो, तो येथे चालत नाही. सिलिकॉन सीलंटची नळी स्वस्त आणि हाताशी असते, म्हणून अनेकजण तिचाच उपयोग करतात. त्याला माझा ठाम विरोध आहे. ज्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून ॲसेटिक आम्ल बाहेर पडते आणि उघड्या पत्र्यावर त्याने गंज चढतो. शिवाय सिलिकॉन एकदा लागले की त्या जागेवर पुढे रंग नीट बसत नाही, त्याला माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. निओप्रीनचे कॉन्टॅक्ट सोल्युशन, म्हणजे दोन्ही बाजूंना लावून थोडे सुकल्यावर टेकवायचे, ते मला योग्य वाटले. फेविकॉल एसआर त्यातच येते, आणि थ्रीएमचे खास वेदरस्ट्रिपसाठीचे, म्हणजे गाडीच्या अशा कडेच्या रबरांसाठीचे, सोल्युशनही याच कामासाठी मिळते.

ईपीडीएमला मात्र कोणतेच सोल्युशन सहजासहजी धरत नाही. त्याचा पृष्ठभाग मुळातच निसरडा असतो आणि त्यावर कारखान्यातील पावडरीचा थरही राहिलेला असतो. म्हणून गाडीवर काही लावण्याआधी रंगवलेल्या भंगार पत्र्याच्या तुकड्यावर चाचणी घेतली. रबराचा एक तुकडा जसा आला तसा, दुसरा अल्कोहोलने पुसून आणि तिसरा पुसल्यावर १२० नंबरच्या पेपरने तळ खरखरीत करून पुन्हा पुसून चिकटवला. दुसऱ्या दिवशी तिन्ही ओढून पाहिले. पहिला तुकडा स्वच्छ सुटला आणि सोल्युशन पत्र्यावरच राहिले. याचा अर्थ दोष रबराच्या पृष्ठभागाचा होता. दुसरा बऱ्यापैकी जोर लावल्यावर सुटला. तिसरा सुटलाच नाही, स्पंजच मधून फाटला. चिकटलेला सांधा असाच तुटायला हवा. सोल्युशन रबरासकट उठून पत्रा उघडा पडला असता तर पत्र्याची सफाई अपुरी होती असे समजले असते, आणि रंगाचे पापुद्रे निघाले असते तर रंगकाम कच्चे होते असे. एका दिवसाच्या या चाचणीने जेवढे सांगितले तेवढे कोणाच्याही सल्ल्याने मला सांगितले नव्हते.

हे काम कोल्हापुरात कधी करावे यालाही महत्त्व आहे. जून ते सप्टेंबर टाळावे, हे उघड आहे. पावसाळी, दमट हवेत सोल्युशनातील द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि त्यावर हवेतील बाष्प जमते. वरून सोल्युशन सुकलेले दिसते, पण मधल्या ओलसर थरामुळे दोन्ही बाजू एकमेकींना धरत नाहीत. मे महिन्यात दुपारी वळिवाचे ढग जमले की तीच गत होते. उलट भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर सोल्युशन हात लागण्याआधीच सुकते. त्यामुळे मार्चमधील एका कोरड्या सकाळी, गॅरेजचे दार सताड उघडे ठेवून, सावलीत काम सुरू केले. या सोल्युशनातील द्रावक पेट घेतो आणि त्याची वाफ डोक्यात चढते, म्हणून आसपास विडी, शेगडी काहीही नको, आणि बंद खोलीत तर हे काम मुळीच करू नये.

सुरुवात बिजागऱ्यांच्या मध्यावरून केली आणि दोन्ही हातांनी दोन्ही दिशांना खाली येत लॉकपाशी शेवट केला. पेन्सिलीच्या दोन रेघांच्या आत पत्र्यावर आणि रबराच्या तळावर, दोन्हीकडे, अगदी पातळ थर दिला. जाड थर जास्त धरतो हा समज चुकीचा आहे. जाड थर आतून ओला राहतो. मग थांबायचे. बोटाची मागची बाजू लावली असता चिकट वाटते पण बोटाला काही लागत नाही, अशी अवस्था येईपर्यंत माझ्याकडे दहा ते पंधरा मिनिटे लागत होती. त्यानंतर रबर टेकवले की ते तेथेच बसते, सरकवता येत नाही, म्हणून एका वेळी वीतभरच लांबी घेतली आणि प्रत्येक वीत अंगठ्याने तळापर्यंत दाबून, वर मास्किंग टेपची पट्टी आडवी मारून पुढे सरकलो. बिजागऱ्यांकडच्या बाजूला दोनदा थर दिला. तेथे झाकण सरळ खाली येत नाही. ते कमानीत फिरत येते आणि रबराला दाबण्याबरोबर घासत मागे ढकलते, त्यामुळे रबर सुटण्याची सुरुवात बहुधा तेथूनच होते.

जोड खाली, लॉकच्या जवळ ठेवला. तेथे तो नजरेसमोर राहतो आणि पन्हळीतून वाहून आलेले पाणी त्या भागात साठून न राहता बाहेर पडते. दोन्ही टोके मिळतात तेथे रबर सुमारे पाच मिलिमीटर जास्त ठेवून नव्या ब्लेडने, पाण्यात बुडवून, एकाच सरळ रेषेत कापले. ओले ब्लेड स्पंजमधून न अडकता जाते. कापलेली तोंडे वाळवून त्यांना फेविक्विकचा एकेक थेंब लावला आणि एकमेकांवर दाबून धरले; या प्रकारच्या चिकटाला ईपीडीएम चांगला प्रतिसाद देते. जास्तीच्या पाच मिलिमीटरांमुळे जोड नेहमी दाबाखाली राहतो आणि उघडत नाही. मामांनी जोडावरून बोट फिरवले, काही बोलले नाहीत, आणि चहा मागवला.

टेप दुसऱ्या दिवशी काढली. झाकण टेकते त्या कडेवर थोडी टाल्कम पावडर चोळली, कारण रबराच्या बाजूने कोठे सोल्युशन निसटले असेल तर झाकण त्याला चिकटते आणि पहिल्याच उघडण्यात रबर उपटून येते. नव्या रबरावर झाकण प्रथम थोडे उंच बसले. लॉकचा खालचा आकडा, म्हणजे ज्यात झाकण अडकते ती कडी, दोन बोल्टांवर असतो. तो अंशतः खाली सरकवून झाकण तळव्याच्या सौम्य दाबाने लागेल असे केले. नंतर वर्तमानपत्राच्या पट्ट्या घेऊन गुरुजींनी आणि मी संपूर्ण फेरी केली: पट्टी रबरावर ठेवायची, झाकण लावायचे आणि पट्टी ओढायची. ती सर्वत्र सारख्या ओढीने आली पाहिजे. डाव्या कोपऱ्यात किंचित सैल आली, म्हणून आकडा त्या बाजूला केसभर सरकवला. रबर बसत जाईल तसे झाकण आणखी खाली येते, त्यामुळे महिन्याभराने हीच तपासणी पुन्हा केली आणि आकडा पुन्हा थोडा खाली घेतला.

खरी परीक्षा जुलैत झाली. कळे, साळवण मार्गे गगनबावड्याला गेलो, जेथे पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. करूळ घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन परत आल्यावर डिकीत पसरलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडा होता. मागे बसलेल्या आईने धुराचा वास आला नाही असे आपण होऊन सांगितले, आणि मला त्या कागदापेक्षा तिच्या सांगण्याचे समाधान अधिक झाले.

देखभालीत फारसे काही नाही, पण एक सवय मोडावी लागते. आपल्याकडे रबर मऊ राहावे म्हणून त्याला ग्रीस, इंजिन ऑइल किंवा खोबरेल तेल लावण्याची पद्धत आहे. खनिज तेलाने ईपीडीएम फुगते आणि सैल पडते, आणि ते तेल कडेने झिरपून सोल्युशनापर्यंत पोचले तर चिकटही सुटतो. साध्या साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवणे आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर कापडावर थोडे सिलिकॉन ग्रीस घेऊन फक्त वरच्या, झाकणाला टेकणाऱ्या भागावर पुसणे एवढे पुरते. पन्हळीत अडकलेली पाने आणि माती काढत राहणेही तितकेच आवश्यक आहे, कारण पन्हळ तुंबली की पाणी रबराच्या उंचीपर्यंत चढते, आणि उभ्या पाण्याला कोणतेही स्पंजचे रबर फार काळ अडवू शकत नाही. उरलेल्या हातभर रबरातील एक वीत दारांच्या रबराचा नमुना जुळवण्यासाठी ठेवली आहे, आणि बाकीचा तुकडा मामा त्यांच्याकडे आलेल्या एका ॲम्बेसिडरवर चाचणीसाठी घेऊन गेले आहेत.